पारायणात पडलेला खंड

अहेरीच्या दवाखान्यात गिरजाबाई आल्या होत्या गोळ्यांना, पण कान लागले शेजारच्या बाकाकडं. तिथं पोथी वाचणारे हरिदासभाऊ उघड्या अंगानं बसलेले, आणि देवळातून तणतणत आलेले वामनराव.

"पारायण अर्धं टाकून उठले काऊन?"

"देवळाबाहेर बैलबंडीत सुकरी नावाची बाई बाळंतपणात अडली होती, भाऊ. सोबत म्हातारी माय. मीच पोर झेललं, अन् मंग इथी दवाखान्यात आणलं."

"सोवळ्यात? विटाळ झाला ना! आता पोथी पयल्यापासून वाचा."

"नाई. जिथी सोडली, तिथूनच वाचीन."

"अन् मधातला खंड?"

"खंड कुठी? तेवढा वेळ त्याचंच काम करून राह्यलो होतो."

"सोवळ्याचं उपरणं कुठी हाय?"

"पोरीच्या अंगावर! अन् अशी रडली भाऊ, देवळातली घंटा ऐकू नाई आली."