वाशीमच्या खोलीतलं ‘या, बसा’

...अन् मी काय वाईट बोललो, तुमीच सांगा. दारासमोरून माणूस चालला, त्याची आपली नजर मिळाली, मंग ‘या, बसा’ नाही म्हणायचं तं काय म्हणायचं? आमच्या आसेगावात दिवसभर म्हणतो. कोणी बसत नाही. समोरचा म्हणते, ‘राहू द्या, घाईत हाव,’ अन् निघून जाते. दोघायचंही मन राह्यते. पण हे पडलं वाशीम. इथं माणूस खरोखर बसते.

तुमाले सांगतो, रुपाबाईच्या खानावळीत उतराले खोल्या दोन-तीनच, अन् आमची थेट बाजाराच्या रस्त्यावर उघडणारी. मोठेबाबा, माझे मोठे काका, सकाळीच कोर्टात तारखेले गेले, जाता जाता बजावून, ‘पंचफुलाचे वडील मारोतराव तुले पाहाले येतील. हलू नको. विचारलं तेवढं बोल.’ माझं लग्न जमायचं होतं ना. मले तं घामच... म्हणून दारात बसलो. अन् रस्ता तरी कसा, मोटारीचा भोंगा, सरकीच्या गाड्या, त्यात एक बुवा डोक्यावर मोठा आरसा घेऊन चाललेला, आरशात आभाळ हलून राह्यलेलं... एवढा आरसा कोणाच्या घरी चालला असंन? कोण पाहात असंन त्यात? तेवढ्यात त्यानं माझ्याकडे पाहिलं. मंग ‘या, बसा’ नाही म्हणायचं तं काय म्हणायचं?

बसला तो. आरसा भिंतीले टेकवून.

त्याले पाहून समोरचा बांगड्यावाला तय्यबचाचा आला. ‘बुलाया तो आना पडता, बेटा.’ मागून मंगरूळचा जानराव, जिनिंगात कापूस घालून मोकळा झालेला, मोठा बोलका माणूस. मंग आणखी कोण कोण. रुपाबाई डोकावली, ‘काहो, खोली घेतली का चावडी उघडली? उठवा त्याईले.’ आता कसं उठवू? बसवलेल्या माणसाले ऊठ म्हणाले कोणता शब्द आहे, मले तं कोणी शिकवला नाही.

अन् मारोतराव दारात. मी तोंड उघडलं, बाहेर आलं, ‘या, बसा.’ तेवढंच नीट आलं. तय्यबचाचा सरकला, ते बसले.

‘शिक्षण?’ त्याईनं विचारलं.

मी जानरावकडे पाहिलं. त्याले दया आली. ‘चौथीतून काढला, मालक. घरी बैलं वाढली, माणूस कमी पडलं.’ मीच त्याले मघाशी सांगितलं होतं.

‘वावर?’

‘काळंभोर, विहिरीचं,’ जानराव.

‘काही नाद?’

‘सुपारीसुद्धा नाही,’ जानराव.

किती गुणी माणूस, मी मनात म्हटलं, अन् समोर आरशात पाहिलं, तं एक पोरगा नुसता मान हलवून राह्यलेला.

मंग मारोतराव हळूच जानरावकडेच वळले. ‘तुमचं वावर कुठं?’ मंग कूळ. मंग मामाचं गाव. मंग, ‘लग्न झालं?’

‘कायचं? मले कोणी पाहालेच येत नाही.’

‘लडका अच्छा है,’ तय्यबचाचा म्हणाला. कोणाले म्हणाला, देव जाणे.

मारोतराव जानरावले संगं घरी घेऊन गेले. दिवेलागणीले तो पेढे घेऊन आला. पहिला पेढा मले देल्ला. माणूस खरंच चांगला.

मोठेबाबा कोर्टातून आले, पेढे पाहून खूश. ‘जमलं?’

‘जमलं,’ मी म्हटलं. ‘पुढच्या महिन्यात आहे. आपल्याले दोघायलेही बोलावलं.’