पेचावरचा लाल ठिपका

—नाही गं, कॅमेऱ्याच्या लेन्सला काही झालेलं नाही, उगाच घाबरलीस, बस त्या स्टुलावर, मी वरचं झाकण तुझ्यासमोरच काढते — ही बघ मीटरची सुई. उजेड किती आहे ते ही सांगते, आणि आत्ता ती जास्त सांगतेय, खोलीत आहे त्याहून जास्त. मग माणूस काय करतो? तिच्यावर विश्वास ठेवून उजेड कमी घेतो आणि फोटो येतो काळा. का? तर याचा जुना सेल मिळायचा बंद झाला, नवा जरा जोरकस आहे, तो घातला की आतला हा पेच फिरवून सुई मागे आणावी लागते. पाच मिनिटांचं काम — म्हणजे, ज्याला येतं त्याला.

पेचावर लाल ठिपका दिसतो? नखांना लावायचा रंग आहे तो. सासरे लावायचे, पेच बसवला की वर एक थेंब, म्हणजे नंतर कुणी फिरवला तर रंग फुटतो, लगेच कळतं. हा फुटलाय का? नाही. म्हणजे सासऱ्यांनंतर याला कुणी हात लावलेला नाही. आणि नवा सेल — हो, असा सेल याला पहिल्यांदा मीच घातला. बारा वर्षं झाली.

मघाशी काय म्हणालीस, तुझे आजोबा, मास्तर, कॅमेरा देऊन टाक म्हणतात? आपली नजरच गेली म्हणतात? अजून म्हणतात?

सासरे तेव्हा अंथरुणाला खिळलेले, दुकान माझ्या गळ्यात आणि मला हे येत नव्हतं — येत नाही म्हटलं असतं तर पुन्हा कोण पायरी चढलं असतं? म्हणून सेल घातला, कॅमेरा पुसून चकचकीत केला आणि सांगितलं, मीटर जुळवून दिलाय. मास्तरांनी तुझ्या आजीचे फोटो काढले, अख्खा रोल, आणि महिन्याभरात आजी गेल्या. ते फोटो घेऊन आले, तू बसलीस तिथेच बसले — पांढरे केस तेवढे दिसत होते, चेहरा नाहीच. म्हणाले, "वहिनी, मीटर बरोबर होता ना?" मी म्हटलं, "मीटर ठीक आहे, मास्तर. तुमचाच अंदाज चुकला असेल." तर उलट तेच माफी मागून गेले, उगाच त्रास दिला म्हणून.

अशी बघू नकोस. दोन वर्षांनी शिकले मी हे काम, पहिला पेच फिरवला आणि तिथेच कळलं, आजींचे फोटो काळे का आले ते. मास्तर रस्त्यात भेटायचे, हात जोडायचे, मी आपली पिशवीत काहीतरी शोधतेय — जाऊ दे.

थांब, फिरवून देते, पाच मिनिटं — नको. नाही फिरवत. हा ठिपका त्यांनी आधी बघायला हवा, आहे तसा, न फुटलेला. उद्या सकाळी घेऊन ये त्यांना. तू काही सांगू नकोस, मी सांगेन. आणि कॅमेरा इथे ठेवू नकोस, घेऊन जा. माझ्याजवळ राहिला तर मी पेच फिरवून टाकेन. जा बघू आता. दार ओढून घे.