मिलिंदचा मझल ब्रेक

नॉटिंगहॅमच्या आपल्या मिलिंदने रायफलला मझल ब्रेक घेतला, धक्का कमी व्हावा म्हणून नळीच्या तोंडाला बसवतात तो. दुकानदार म्हणाला, "झोपून नेम धरता ना? मग गॅस सोडणारी भोकं खाली नकोत, तोंडावर माती उडेल." याने बाजूला भोकं असलेला घेतला.

मी विचारलं, "मग तो सगळा गॅस जाणार कुठे?"

"जाईल कुठेतरी!"

नेमबाजीच्या क्लबात पहिल्याच गोळीला शेजारी झोपलेल्या गोऱ्या आजोबांची टोपी उडाली. त्यांनी टोपी झटकली, "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणाले आणि सामान उचलून पार टोकाला जाऊन झोपले.

"अरे, चिडले ते," मी म्हटलं.

"छे! इंटरेस्टिंग म्हणाले ना? पुढच्या शनिवारी त्यांनाही एक आणून देतो."