जावईबापूंचं लिनक्स

जावयाला तोंडावर बोलायचं नसतं म्हणून मी दोन दिवस गप्प बसले, तिथंच माझं चुकलं बघा. आमच्या बचत गटाच्या कडक भाकरीची लेबलं मी कॉम्प्युटरवर छापते. जावईबापूंनी न विचारता त्यातलं विंडोज काढून लिनक्स घातलं. चालू झटक्यात होतं, खोटं कशाला बोलू? पण प्रिंटर जोडायचा त्यांना जमेना, आणि बार्शीचा टेम्पो तर दारात उभा.

"विंडोजच बरं हुतं, वैनी," दीर म्हणाले. "बटण दाबलं की कागद भाईर!"

"आन् अपडेट चालू झालं की बसा तासभर!" जावई म्हणाले.

"बसायचं, पर छापायचं की!"

टेम्पोवाल्यानं हाक मारली, "मावशी, निगू का? बिनलेबलाचा माल दुकानदार घ्यायचा न्हाय."

मी दोघांच्या हातात पेन दिलं. "जावईबापू, चाळीस तुमी लिवा. भावजी, चाळीस तुमी. गटाचं नाव आन् तारीख. तोंड बंद."

टेम्पोवाल्याला दोनदा चहा पाजला, तोवर लेबलं चिकटवून माल गेला.

तेव्हापासून विंडोज-लिनक्सचं भांडण मिटलंय. आता दोघं भांडतात, अक्षर कुणाचं चांगलं यावर.