टँकरची पत्रिका

हॅलो? … कोण, जगदेवी? मोठ्यानं बोल गं, मी रत्नम्मा… शरणार्थ, शरणार्थ. हाव, माणिकप्पाच्या दुकानात हाय, त्यांनीच बोलावणं धाडलं. तू कलेक्टर हापिसातून फोन केलास म्हणजे टँकरचंच असंल. सुटला का?

… न्हाई?

… मग अर्ज पोचला म्हणलीस ना? … हो, हो, तुझ्या दाजींनीच लिहिला. गावात दुसरं कोण लिहितंय? समद्यांच्या लग्नपत्रिका तेच तर लिहितात… काय?

… सत्काराच्या फायलीत? टँकरचा अर्ज तिथं कसा गेला?

… वाच बरं. … 'आपल्या शुभ चरणांनी आमचे गाव पावन करावे'… अगं आई… 'सहकुटुंब सहपरिवार'… बस कर, जगदेवी. माझं डोकं फुटायची पाळी आली. अन् पाणी? पाण्याचं कुठं लिहिलंय? … सगळ्यात खाली? 'आहेर आणू नये' लिहितात तिथं?

… माहीत हाय गं. उस्मानाबादचा जुना कारकून ओळखीचा होता, ह्यांचा कागद खालूनच वाचायचा. आता लातूर जिल्हा वेगळा झाला, माणसं नवी. लातुरात रोज कुणी ना कुणी साहेबाला हार घालून राहिलंय. त्यांना वाटलं, आम्ही बी त्यातलेच.

… न्हाई, दाजींना फोन देत न्हाई. हितंच उभे हायेत, मान खाली घालून. परत लिहितो म्हणून राहिले. लई झालं त्यांचं लिहिणं. अगं ऐक ना, तूच लिही, मी सांगते. लिही… गावची विहीर आटली. माझी सून पोटुशी हाय. दोर धरून खाली उतरती अन् वाटीनं घागर भरती. काल तिचा पाय घसरला. टँकर पाठवा. … झालं. … वर मायना? वर काही लिहू नको.

… हाव, बरी हाय. थोडक्यात वाचली. कंधारला तिच्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी? … उतरली की, आज परत उतरली. मग काय करती बिचारी?

… काय? साहेब येणार? सोमवारी? दाजींचा तो कागद वाचून? … बाईसाहेब बी?

… जेवण नको म्हणाले… हाव…

… नुसता चहा?

जगदेवी… चहाला पाणी लागतं गं… हॅलो? … हॅलो?