झाकणावरचा राम

(राहाता, १९४६. कुंकवाच्या कारखान्याची ओसरी. मालक शरच्चंद्र आणि कुंकू करणारा बन्सी. थोड्या वेळाने मालकांची बायको सुमेधा येते.)

बन्सी : न्हाई मालक. ह्या झाकनाखाली माझं कुंकू जानार न्हाई.

शरच्चंद्र : तुझं कुंकू? हळकुंड माझं, लिंबं माझी, टाकणखार माझा.

बन्सी : हात माझं. आन ती हुती तवर तिचं.

शरच्चंद्र : तुझी मुक्ताबाई गेल्यापासून तू असाच बोलतोस, मी ऐकून घेतो. पण ही झाकणं मुंबईहून छापून आलीत. लढाईत पत्रा नव्हता, चार वर्षं कागदाच्या पुड्या बांधल्या आपण. आता कुठे डबी मिळाली, तर तुला तिच्यावरचा माणूस नको!

बन्सी : डबी झ्याक हाय. मानूस नको.

शरच्चंद्र : अरे, नृसिंहराव म्हणजे कोण! नाटकात रामाचं काम करतात, तर बायका पडदा पडल्यावर पाया पडायला आत जातात. आता बोलपटातही आलेत. खाली काय छापलंय ते वाच.

बन्सी : मला कुठं वाचता येतं?

सुमेधा : मी वाचते. बन्सीभाऊ, आज रंग बघायला बोलावलं नाहीत मला? मुक्ताबाई गेल्यापासून माझ्याच कपाळावर बघता ना? आणा ते झाकण. 'माझ्या गृहलक्ष्मीच्या कपाळी हेच कुंकू शोभते.' अहो, यांची बायको वारली ना?

शरच्चंद्र : दुसरी केली. हे दुसरीबद्दल आहे.

सुमेधा : पहिली कशानं गेली?

शरच्चंद्र : विहिरीत पडली, पाय घसरून. पंचनाम्यात तसंच लिहिलंय. तीन वर्षं झाली त्याला.

बन्सी : सांगू का वैनी?

शरच्चंद्र : बन्सी!

सुमेधा : सांगा.

बन्सी : अंबिका तिचं नाव. सोनईची. आमची मुक्ता बी सोनईचीच, घराला घर लागून. नवरा मारतो म्हनून पोर माहेरी आल्ती. ह्यो न्यायला आला. ती जात न्हाई म्हनली. सकाळी पोर विहिरीत. मुक्ता तवा तिथंच हुती. चार बायांनी मिळून आंघूळ घातली. सवाष्ण म्हनून मळवट भराया हिनं पदर सारला, तं गळ्यावर बोटं उठल्याली. दोनी बाजूंनी.

सुमेधा : मग त्या बोलल्या का नाहीत?

बन्सी : पोरीच्या बापानं हात जोडलं. धाकल्या दोघी लग्नाच्या हुत्या. हिनं मळवट भरला आन राहिलेलं कुंकू गळ्याला चोळलं, वळ दिसू न्हाई म्हनून. आपलंच कुंकू मालक. माहेरी जाताना पुडी नेल्ती तिनं.

शरच्चंद्र : आणि हे तू आज सांगतोस?

बन्सी : मला तरी कुठं ठावं हुतं? औंदा श्रावनात, जायच्या आदल्या दिशी सांगितलं तिनं. तीन वरीस पोटात ठिवलं. म्हनली, मी झाकलं, तुमी झाकू नका. मी म्हनलं, व्हय. तवा मला काय माहीत, झाकायचं काम माझ्याच हाताला येनार हाय.

शरच्चंद्र : हे बघ, पुरावा काय? ती बाईही गेली. सरकारनं सोडलेल्या माणसाला मी खुनी कसं म्हणू? आणि इथं बारा बायका कुटायला येतात. माल खपला नाही तर त्यांनी कुठं जायचं?

सुमेधा : तुम्हाला माहीत होतं?

शरच्चंद्र : लोक बोलतात. नटांबद्दल बोलतातच.

सुमेधा : मी विचारते, माहीत होतं का?

शरच्चंद्र : त्या बोलण्यामुळेच तर त्यांनी फोटो फुकट दिला. कुंकवाशेजारी आपलं नाव दिसावं, एवढीच त्यांची इच्छा. बाकी एक पै मागितली नाही.

सुमेधा : म्हणजे आपल्याला त्यांचा चेहरा लागत नाही. त्यांना आपलं कुंकू लागतंय.

बन्सी : दुसऱ्यांदा लागतंय, वैनी.

शरच्चंद्र : पुरे. उद्या ते येताहेत. मांडव पडलाय, नगरहून फोटोवाला येतोय. सुमेधा, तू त्यांना ओवाळायचं, आणि पहिल्या डबीतलं कुंकू त्यांच्या कपाळाला लावायचं.

सुमेधा : मी नाही लावणार.

शरच्चंद्र : गावासमोर मी काय सांगू?

सुमेधा : सांगा, बायको बाहेरची आहे.

शरच्चंद्र : अगं, मागच्याच आठवड्यात तर...

सुमेधा : गाव काय दिवस मोजतंय? सांगा, पुन्हा बसली.

शरच्चंद्र : बरं. चार दिवसांनी तर उठशील?

सुमेधा : ती झाकणं या घरात आहेत तोवर नाही.

शरच्चंद्र : आणि स्वयंपाक? देवपूजा?

सुमेधा : पूजा तुम्ही करा. भात येतो तुम्हाला.

बन्सी : वैनी, माझ्यापायी घरात भांडान नको. मी आपला जातो सोनईला.

सुमेधा : तुम्ही कुठं जाऊ नका. हे तुमच्यापायी नाही. तीन वर्षं रोज मीही तेच कुंकू लावतेय.

शरच्चंद्र : सुमेधा, आत चल. आत बसून बोलू.

सुमेधा : आत कशी येऊ? इथंच बसते. मला जरा पाणी द्या. ओंजळीत वरून ओता. शिवू नका.