मंगळवारचा वर्ग, शनिवारचा वर्ग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि ब्रॅनक शहर पोलीस दलाचे प्रमुख सन्माननीय हॅलोरन साहेब, महापौर श्रीमती कोवाल्स्की, माझ्या डाव्या हाताला डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना करत असलेले, किंवा झोपलेले, आमच्या चर्चचे रेव्हरंड टिल्मन, दलातले माझे सहकारी, त्यांची मुलंबाळं, आणि सकाळपासून राबून ज्यांनी हॅम भाजलं, बटाट्याचं सॅलड केलं त्या सर्व भगिनींनो,

निवेदकांनी जाहीर केलं की सार्जंट थॅडियस मेबरी आता दोन शब्द बोलतील. एकोणतीस वर्षांची नोकरी दोन शब्दांत कशी मावायची, असं या ठिकाणी म्हणायची पद्धत आहे. माझी अडचण उलटी आहे. मला खरोखर दोनच शब्द बोलायचे आहेत, पण तिथवर पोचायला थोडा वेळ लागेल. तेव्हा केकवरची सुरी जरा बाजूला ठेवा.

आधी आभार. हॅलोरन साहेबांनी माझं भरभरून कौतुक केलं. त्यातलं निम्मं खरं आहे. माझे बूट नेहमी चकचकीत असतात, हे तर अगदी खरं. घरी दुसरं काम नसतं. माझी बायको अर्नेस्टीन गेल्याला चार वर्षं झाली, आणि बूट पुसता पुसता संध्याकाळ कशीबशी सरते.

आणि ही काचेची पेटी. निवृत्त होणाऱ्याला त्याचंच पिस्तूल पेटीत घालून द्यायचं, खाली पितळी पट्टीवर नाव, ही आपली रीत. अनेकांच्या बैठकीच्या खोलीत ती भिंतीवर टांगलेली मी पाहिली आहे. या पिस्तुलातून एकोणतीस वर्षांत मी माणसावर एकही गोळी झाडली नाही. नको, टाळ्या नकोत. जरा थांबा.

मी शिकवणारा माणूस. मागच्या इमारतीतल्या त्या पिवळ्या खोलीत दर मंगळवारी नव्या पोलिसांचा वर्ग घ्यायचो आणि दर शनिवारी, त्याच फळ्यावर, नागरिकांचा. तेव्हा आपल्या राज्यात अंगावर पिस्तूल बाळगायचं तर आठ तासांचा वर्ग करून परवाना काढावा लागे. आता तेही उरलं नाही. राजधानीत मोठा वाद झाला. एक बाजू म्हणाली बंदुकांना लगाम घाला, दुसरी म्हणाली परवान्याचं झेंगट तरी कशाला. दुसरी जिंकली. दोन्ही बाजूंनी मला बोलायला बोलावलं होतं, आणि दोन्ही वेळा मला सर्दी झाली.

मंगळवारी मी सांगायचो, "पोरांनो, गाडी थांबवलीत आणि समोरच्याच्या तोंडून 'बंदूक' हा शब्द आला, की पुढचं ऐकत बसू नका. हात आधी कमरेला." शनिवारी सांगायचो, "पोलिसाने गाडी थांबवली तर पहिल्या वाक्यातच सांगून मोकळे व्हा, माझ्याकडे बंदूक आहे. लपवलंत तर गुन्हा." चौदा वर्षं दोन्ही वर्ग मीच घेतले. फळाही मीच पुसायचो. ही दोन वाक्यं एक दिवस रस्त्यावर समोरासमोर येतील, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

हे खोटं आहे. आलं होतं.

साध्या कपड्यांत असताना माझी स्वतःची गाडी तीनदा थांबवली गेली आहे. तिन्ही वेळा माझे हात स्टिअरिंगवर, बिल्ला आधीच काचेपाशी, आणि पहिलं वाक्य, "साहेब, मी तुमच्यातलाच आहे." बंदुकीचं नाव सगळ्यात शेवटी. माझ्या काळ्या तोंडाला कोणता शब्द कधी परवडतो हे मला पक्कं ठाऊक होतं. मग वर्गात का नाही सांगितलं? विसांत अठरा गोरे असायचे. त्यांच्यादेखत उरलेल्या दोघांना काय सांगू? की कायदा सगळ्यांना एकच, पण बाबांनो, तुम्ही वाक्य उलटीकडून बोला? मला अभिमान होता हो! माझ्या वर्गात सगळ्यांना एकच धडा, असं मी फुशारकीने सांगत असे.

त्या दोघांतला एक होता रॉस्को डनिगन. वॉलनट रस्त्यावरचा कुलूपवाला. किल्ली आत राहिली की अर्धं शहर त्यालाच हाक मारायचं. पण काळा माणूस परक्या दाराशी वाकून खुटखुट करतोय म्हटलं की शेजारी आधी आम्हाला फोन करायचे. आठवड्यातून एकदा तरी. आमची गाडी पोचली की तो मान न वळवताच ओरडायचा, "आलात? बसा पायरीवर. मालकीणबाई गाडीत बसल्यात, त्यांनाच विचारा मी चोर आहे का ते. विचारून झालं की जरा बॅटरी धरा, अंधार आहे इथं." आणि आम्ही धरायचो.

एकदा अवजारांसाठी त्याला कुणीतरी लुबाडलं, डोकं फोडलं. म्हणून तो माझ्या शनिवारच्या वर्गाला आला. शिरताशिरताच म्हणाला, "मेबरी सर, बंदुकीचं मागाहून. आधी या दाराचं कुलूप बदला, केसांच्या आकड्याने उघडेल." मधल्या सुट्टीत उघडून दाखवलंही. संध्याकाळी सगळे गेल्यावर मात्र तो मागे रेंगाळला. "सर, एक खरं सांगा. ते पहिलं वाक्य माझ्या तोंडी चालेल ना?"

मी म्हणालो, "कायदा आहे, रॉस्को. कायद्याने वाग, काही होत नाही."

तो हसला. "बघा हं. तुमच्या भरवशावर आहे."

अकरा वर्षांपूर्वीचा मार्च. दुपारचे साडेतीन. मागचा दिवा बंद होता म्हणून त्याची व्हॅन थांबवली ती कायल डार्बीने. चोवीस वर्षांचा गोरा पोरगा, मंगळवारच्या वर्गात पहिला आलेला. पोलिसगाडीतल्या ध्वनिमुद्रण यंत्रावर रॉस्कोचा आवाज आहे. "नमस्कार साहेब. माझ्याकडे बंदूक आहे," आणि लगेच तीन गोळ्या. रॉस्कोचे हात स्टिअरिंगवर होते. पिस्तूल कमरेला होतं, त्याच्या म्यानाचं बटणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

दोघेही माझेच विद्यार्थी. दोघांचाही धडा तोंडपाठ. पण तेवढ्यावर हात झटकू नका. त्याच महिन्यात डार्बीने आणखी दोघांच्या तोंडून हेच वाक्य ऐकलं होतं. दोघेही गोरे. एकाला तर त्याने यंदा शिकारीला हरणं कशी आहेत म्हणून विचारलं. त्यांचं पुढचं वाक्य ऐकायला त्याला वेळ मिळाला.

हॅलोरन साहेब, आपण बसा. माईक बंद केलात तरी चालेल, हा आवाज कवायतीच्या मैदानावर तयार झालेला आहे.

चौकशीत शहराचे वकील म्हणाले, तो पुढे काय बोलणार होता कुणाला ठाऊक? धमकीच असेल. म्हणून शिकवणाऱ्याला, म्हणजे मला, बोलावलं. आत जाण्याआधी वकिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सार्जंट, इतके लोक येतात तुमच्या वर्गाला. एकेकाचं कुठलं लक्षात राहायला, नाही का?" आत मला विचारलं, रॉस्को डनिगनला नेमकं काय बोलायला शिकवलं होतं, आणि तो ते शिकला होता का?

मी म्हणालो, "आठवत नाही."

खटला उभाच राहिला नाही. डार्बी पलीकडच्या परगण्यात पुन्हा पोलिसात लागला. मला बढती मिळाली. आणि आमच्या काळ्यांच्या वस्तीत बोललं जाऊ लागलं की चुकलं रॉस्कोचंच, कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? न्हाव्याच्या दुकानात हे बोलणं चालू असताना मी खुर्चीत बसलेलो होतो. दाढी झाली, पैसे दिले आणि उठलो.

तेव्हापासून चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी येऊन बसत नाही. अर्नेस्टीन होती तोवर आम्ही दोघं, आता मी एकटा. चौघांची जागा आहे. रेव्हरंड, तुम्ही दर रविवारी वरून पाहता. आणि इथे, कचेरीत, टीव्हीवर कुठल्या तरी शहरात पोलिसाने काळ्या माणसाला मारल्याची बातमी लागली आणि मी आत आलो, की कुणीतरी हळूच आवाज बारीक करतं. चांगुलपणानेच करतं, मला कळतं. तिथे मी पोलीस, इथे मी काळा. घरी कोण, ते सांगणारी चार वर्षांपूर्वी गेली. तिने एकदा विचारलं होतं, "थॅड, घरात आपण दोघंच. मग तुझ्या खणाला कुलूप कशाला?" तिलासुद्धा मी सांगितलं नाही. एवढं एकटं राहायला माणसाला कुणी लावलेलं नसतं. मी ते माझ्या हाताने करून घेतलं आणि फार वाईट गेली ही वर्षं, मित्रांनो. फार वाईट.

शेवटच्या रांगेत, कॉफीच्या भांड्याशेजारी, कोट अंगातच ठेवून बसलेल्या बाई म्हणजे रॉस्कोच्या पत्नी, लट्रीस डनिगन. मागे वळून पाहू नका, त्यांना तसं पाहिलेलं खूप झालं आहे. चौकशीनंतर पायऱ्यांवर त्यांनी मला गाठलं होतं. ओरडल्या नाहीत. "सर, मला एवढंच सांगा, तो चुकला का? पोरगी रोज विचारते." मी टोपी घातली आणि चालू लागलो. त्या पोरीला आता अठरावं लागलं.

या समारंभाच्या निमंत्रणाखाली मी त्यांना हाताने एक ओळ लिहिली होती, आणि तेच माझे आजचे दोन शब्द. मला आठवतंय.

नुसतं आठवतच नाही. त्या शनिवारची लेखी परीक्षा माझ्या खणात आहे. होती. आता खिशात आहे. चष्मा लावतो.

प्रश्न सातवा. पोलिसाने गाडी थांबवल्यास तुम्ही काय म्हणाल? खाली रॉस्कोचं उत्तर, किल्लीच्या चिठ्ठीवर लिहायचा तसल्या ठसठशीत अक्षरांत.

"नमस्कार साहेब. माझ्याकडे बंदूक आहे. परवाना पण आहे. मी हात हलवणार नाही. तुम्ही सांगाल तसं करतो."

समासात माझी लाल खूण. पैकीच्या पैकी गुण.

बाई, पुढे तो हे बोलणार होता. तो एका अक्षरानेही चुकला नाही. पोरीला सांगा.

हा कागद दडवल्याबद्दल उद्या माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होवो. माझ्या निवृत्तिवेतनाची काळजी करणाऱ्यांनी ती करू नये. पेटी मी इथेच टेबलावर ठेवून जातो. माझ्या भिंतीवर तिला जागा नाही.

आपण सर्वांनी हा समारंभ घडवून आणलात, इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी प्रमुखांचा, महापौरांचा, आणि स्वयंपाकघरात हात थांबवून दारात उभ्या राहिलेल्या भगिनींचा मनापासून ऋणी आहे. भाषण संपवताना म्हणायची एक रीत असते, बोलण्यात काही चुकलं असेल तर उदार मनाने पदरात घ्या. आयुष्यभर मी धड्यातली वाक्यं जशीच्या तशी म्हटली. आज मात्र या वाक्यातले 'असेल तर' हे शब्द मी गाळतो.

चुकलं. माझं चुकलं. पदरात घ्या असं म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि घ्यायचं की नाही ते इथल्या एकाच व्यक्तीने ठरवायचं आहे.

तुम्ही बसून राहा, बाई. कागद घेऊन मीच तिकडे येतो.